‘व्हॅटिकनचा पैसा’ आणि सूप-पावाचा शुक्रवार

मेसेज तुम्हालाही आला असेल: ‘परदेशी कॅथलिक मदतसंस्था व्हॅटिकनच्या पैशावर चालतात, मदत फक्त ख्रिश्चनांना देतात आणि त्या बदल्यात बाप्तिस्मा देतात.’ एकेक बघू. उदाहरणाला इंग्लंड-वेल्सची ‘कॅफॉड’ घेऊ.

आधी पैसा. १९६० साली कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरून बाळ-बाळंतिणींच्या दवाखान्यासाठी मदतीची हाक आली. इंग्लंडमधल्या कॅथलिक बायकांनी ठरवलं, एक दिवस घरात साधंच जेवायचं आणि वाचलेले पैसे तिकडे पाठवायचे. त्यातूनच १९६२ मध्ये कॅफॉड उभी राहिली. आजही ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी तिकडे चर्चच्या हॉलमध्ये जेवायला सूप आणि पाव एवढंच असतं, आणि वाचलेल्या पैशांसाठी पाकीट. वसईच्या कॅथलिकांना हे नवं नाही. कारितास इंडिया ही आपल्याकडची कॅथलिक मदतसंस्थाही उपवासकाळातच वर्गणी गोळा करते.

मेसेजवाल्यांना खरा खोचक प्रश्न सुचलाच नाही: सरकारी पैशाचं काय? अमेरिकेच्या कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसचं जवळजवळ निम्मं बजेट यूएसएडवर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतीच्या खात्यावर होतं. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने हात आखडता घेतला आणि कार्यक्रम बंद पडले, कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. व्हॅटिकनची तिजोरी पाठीशी असती तर ही वेळ कशाला आली असती?

‘फक्त ख्रिश्चनांना’? बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांमध्ये कारितास बांगलादेश २०१७ पासून रोहिंग्यांसाठी राबते आहे. कॅफॉडची मदत तिच्यामार्फत जाते. रोहिंग्या बहुतेक सगळे मुसलमान. मुद्दा संपला.

बाप्तिस्म्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. दुष्काळात धान्य देऊन माणसं धर्मात ओढल्याचा आरोप मिशनऱ्यांवर फार जुना आहे, आणि तो दरवेळी खोटाच होता असं मी म्हणणार नाही. पण १९९४ मध्ये रेडक्रॉसच्या जोडीने कारितास इंटरनॅशनलिस (कारितास संस्थांची जागतिक संघटना) आणि कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस यांनी आपत्ती-मदतीची आचारसंहिता मांडली. त्यात लेखी आहे की मदत गरज बघून द्यायची, धर्मप्रसारासाठी वापरायची नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हेच बजावलं.

नियम कागदावर असतात, माणसं मोडतात, हे मान्य. मग तक्रार करा. आमिष दाखवून धर्मांतर केल्याचा खटला झालेल्या संस्थेला आपल्याकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घ्यायला लागणारी नोंदणीच मिळत नाही. तक्रारीत गाव, तारीख आणि संस्थेचं नाव लागतं. मेसेजमध्ये तिन्हींपैकी एकही नाही.