छापखान्याची पायरी चढणाऱ्यांस हितोपदेश

अठराव्या शतकातील लंडनमध्ये लेखक म्हणून नाव काढण्याचे आपण ठरवले असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. परवाना घेऊनच छापण्याची सक्ती १६९५ सालीच संपली असल्याने छापण्यापूर्वी आपल्याला कोणाचेही पाय धरावे लागत नाहीत. छापल्यानंतर आपले पाय कोठे नेले जातील, एवढीच काय ती चिंता.

लिहिणार आहात ते खरे असेल, तर कृपया लिहू नका. राजद्रोही बदनामीच्या खटल्यात ‘मजकूर खरा आहे’ हा बचाव चालत नाही, कारण सत्ताधाऱ्यांविषयी खरे सांगितल्याने प्रजा अधिक बिथरते आणि म्हणून सत्याने अपराध वाढतो, असे कायदेपंडितांचे मत आहे. मंत्र्याचे नाव निम्मे गाळून तेथे आडवी रेघ मारण्याची पद्धत मात्र जरूर पाळावी. गाळलेली अक्षरे सरकारी वकील आरोपपत्रात आपल्या वतीने भरून देतात.

उपरोधाच्या वाटेला तर जाऊच नका. डॅनियल डिफोने १७०२ च्या डिसेंबरात कडव्या चर्चवाल्याचा आव आणून निनावी पुस्तिका काढली आणि राजमान्य चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांना, म्हणजे डिसेंटरांना, हद्दपार करावे व त्यांच्या उपदेशकांना फासावर चढवावे, असा सल्ला दिला. तो काही कडव्या मंडळींना मनापासून पटला, हीच पंचाईत झाली. थट्टा आपलीच होती हे कळल्यावर सरकारी गॅझेटात ५० पौंडांचे बक्षीस लागले आणि बाकदार नाक, टोकदार हनुवटी, करडे डोळे, तोंडाजवळ मोठा तीळ असे लेखकाचे वर्णन छापून आले. इतके बारकाईने त्याचे लिखाण कोणी वाचले असते, तर बक्षीस लावण्याची वेळच आली नसती. जुलै १७०३ मध्ये मान आणि हात लाकडी चौकटीत अडकवून त्याला तीन दिवस भर रस्त्यात उभे करण्यात आले. आपल्यावर तशी वेळ आलीच, तर पुस्तकविक्रेता एडमंड कर्ल याचे उदाहरण ध्यानात ठेवावे. १७२८ मध्ये त्याने, आपल्याला दिवंगत राणी ॲनच्या स्मृतीचा कैवार घेतल्याबद्दल ही शिक्षा होत आहे, अशी पत्रके वाटली आणि जमावाने त्याच्यावर एक अंडेही फेकले नाही.

धर्मावर लिहायचे असेल, तर आधी धर्मगुरू व्हावे आणि शिव्या फक्त दुबळ्यांना द्याव्यात. धर्मगुरू हेन्री सॅकेव्हेरेलने लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या व्यासपीठावरून डिसेंटरांवर आग ओकली. १७१० साली त्याच्यावर पार्लमेंटपुढे महाभियोग चालला, तेव्हा लंडनच्या जमावाने त्याच्या प्रेमापोटी डिसेंटरांची प्रार्थनागृहे फोडली; त्याला शिक्षा झाली ती तीन वर्षांच्या प्रवचनबंदीची. याउलट थॉमस वुल्स्टनने ख्रिस्ताचे चमत्कार रूपक म्हणून वाचावेत असे लिहिले आणि आपले निबंध बिशपांनाच अर्पण केले. हा आगाऊपणा त्याला १०० पौंड दंड आणि एक वर्षाच्या कैदेला पडला. ख्रिस्ती धर्म हा देशाच्या कायद्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने सुनावले. पुढे चांगल्या वर्तणुकीचे जामीन न मिळाल्याने १७३३ साली मरेपर्यंत त्याची पुरती सुटका झाली नाही. धर्मावर टीका करणारा पीटर ॲनेट तर सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. त्याला चौकटीतही उभे केले आणि वर्षभर सक्तमजुरीलाही धाडले. वयाकडे पाहून सूट मिळेल, या भरवशावर राहू नये.

ज्यूरीवरही फार विसंबू नका. मजकूर छापला का आणि त्यातील खुणांचा अर्थ सरकार म्हणते तोच का, एवढेच ज्यूरीने सांगायचे. तो बदनामीकारक आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवणार. ही रीत १७९२ च्या कायद्यापर्यंत बदलायची नाही.

तरीही लेखणी आवरत नसेल, तर सर विल्यम जोन्स यांचा कित्ता गिरवावा. राज्यकारभाराची तत्त्वे सांगणारा एक छोटा संवाद त्यांनी १७८२ साली लिहिला. त्यांचे होणारे मेहुणे, सेंट असफ कॅथेड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, विल्यम शिप्ली यांनी तो वेल्समध्ये पुन्हा छापला. १७८४ साली श्रूझबरीत डीनसाहेबांवर खटला उभा राहिला, तेव्हा मूळ लेखक कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीशाच्या आसनावर बसून इतरांचे गुन्हे तपासत होते.