सात की साठ

भाचा पत्रकारितेचा डिप्लोमा करतोय. परवा रात्री त्याने वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले आणि खाली लिहिलं, "मामा, उद्या बातमीलेखनाचा पेपर आहे. काही राहिलंय का बघ ना."

पहिल्या पानावर ‘दर्पण’, बाळशास्त्री जांभेकर, ६ जानेवारी १८३२. (दर ६ जानेवारीला आम्ही पेपरवाले त्यांच्या फोटोला हार घालायचो आणि लगेच खुर्चीत बसून कुणाची तरी प्रेसनोट जशीच्या तशी पानात सोडायचो, ते वेगळं.) दुसऱ्या पानावर सहा ककार: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. तिसऱ्यावर पट्टी धरून काढलेला उलटा पिरॅमिड. सगळं बरोबर. पास होईल पोरगा. पण उद्या पेपरच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासायच्या टेबलावर, बसला तर पहिल्याच रात्री त्याची दांडी उडेल, कारण या सहा ककारांचं मराठीत काय होतं हे वहीत कुठेच नाही.

इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येतं. कोण मेलं, काय कोसळलं, हे चौथ्या-पाचव्या शब्दाला कळतं. आपलं क्रियापद बसतं शेवटी. तिथे सहाही ककार पहिल्याच वाक्यात कोंबले की काय होतं बघा. तालुक्याहून येणारी कॉपी (वार्ताहराने लिहिलेली कच्ची बातमी) साधारण अशी असायची:

"तालुक्यातील अमुकवाडी येथील शेतकरी आपल्या शेतातील विहिरीवरील मोटार सुरू करण्यासाठी गेले असता पाय घसरून विहिरीत पडल्याने पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाल्याची दुर्दैवी घटना मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास घडली असून परिसरात हळहळ व्यक्त होत आहे."

एक वाक्य. माणूस मेला हे कळेपर्यंत वाचकाचा चहा निवतो. ‘मृत्यू झाला’ म्हणून थांबता येत होतं, पण नाही, ‘मृत्यू झाल्याची घटना’ आणि वर ती ‘घडली’. घटना घडणार नाही तर काय करणार? ‘दुर्दैवी’ कशाला? सुदैवी बुडणं कुणी पाहिलंय? आणि ते ‘असून’! मराठी बातमीतला फेव्हिकॉल आहे तो. दोन वाक्यं तोडायचा कंटाळा आला की मध्ये ‘असून’ लावायचं.

आमचे मुख्य उपसंपादक लाल पेनने एवढंच करायचे: "विहिरीवरची मोटार सुरू करायला गेलेल्या शेतकऱ्याचा बुडून मृत्यू झाला. अमुकवाडीत मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास ते विहिरीत पडले." पुढच्या वाक्यात नाव, कंसात वय. त्यापुढे पाय घसरला हे कोण सांगतंय ते: पोलिस, घरचे की शेजारचा शेतकरी. हळहळ कट. गावाला हळहळ वाटली असेलच, पण ती वार्ताहराने मोजलेली नसते. आणि ‘का’ पहिल्या दिवशी मिळाला नाही तर ‘कारण समजू शकले नाही’ असं लिहावं. ते प्रामाणिक वाक्य आहे. आत्महत्येच्या बातमीत तर ‘का’ची घाई करूच नये. कर्ज, भांडण, परीक्षा असं एकच कारण मथळ्यात ठोकून देणारे बहुतेक वेळा चुकलेले असतात.

उलट्या पिरॅमिडबद्दल वर्गात सांगतात की महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. खरं कारण रात्री साडेअकराला कळतं. डाक आवृत्तीचं (लांबच्या गावांना आधी निघणाऱ्या अंकाचं) पान लागलेलं असतं, जाहिरात विभागातून फोन येतो की दोन कॉलम बाय दहाची जाहिरात आली, जागा करा. पान लावणारा पेजमेकर बातमी वाचत बसत नाही. तो खालून कापतो. त्या खालच्या परिच्छेदात तुम्ही ‘संशयिताने आरोप फेटाळले आहेत’ हे वाक्य ठेवलं असेल, तर सकाळी छापून येतो तो फक्त आरोप. म्हणून दुसऱ्या बाजूची निदान एक ओळ पहिल्या तीन परिच्छेदांत हवी, हे मी नव्या पोरांना घोकून घ्यायचो. ते मान डोलवायचे आणि परत शेवटीच लिहायचे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

नव्वदच्या दशकात मी एका दैनिकाच्या तालुका डेस्कवर होतो. कोणतं ते सांगत नाही, चूक त्यांची नव्हती, माझी होती. तेव्हा लांबच्या गावचे वार्ताहर एसटीडी बूथवरून बातमी सांगायचे आणि आम्ही न्यूजप्रिंटच्या कागदावर उतरवून घ्यायचो. लाइन खरखरायची. मीटर पळतोय म्हणून समोरचा घाईत. एका रात्री अशीच विहिरीची बातमी आली. नाव, आडनाव, गाव, वय. मी लिहिलं, वय ६०. नाव आजीच्या पिढीतलं होतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, लिहिताना मीच स्वतःच्या मनाने ‘वृद्ध महिलेचा’ असा शब्द घातला. वार्ताहराने तो उच्चारलाही नव्हता. मथळाही तोच दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस कचेरीत आला. हातात कात्रण, घडी घालून घालून मऊ झालेलं. भांडला नाही. कात्रण टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, माझी पोर सात वर्षांची होती. आईचं नाव ठेवलं होतं तिला."

सात. साठ. एका अक्षराचा फरक. दुसऱ्या दिवशी पान पाचवर चार ओळींची दुरुस्ती छापली. ती त्याने वाचली की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी फोनवर आकडा आला की विचारायचो, "साठ म्हणजे सहावर शून्य ना?" तालुक्याचे लोक हसायचे. हसू देत. भाच्याला म्हटलं, सहा ककार पाठ कर, पण त्यातला ‘कोण’ नाव, आडनाव, वय, गाव असा चारदा तपास. आणि जे विशेषण समोरच्याने दिलेलं नाही ते आपल्या पदरचं घालू नकोस. (एक अपवाद, तोही कायद्याने घातलेला: लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचा ‘कोण’ छापायचाच नाही. नाव नाही आणि गल्ली, शाळा, वडिलांचं दुकान यातलं ओळख पटेल असं काहीच नाही. नाव गाळून पत्ता छापणारे महाभाग मी पाहिलेत.)

माझ्या मते आणखी एक ककार हवा: ‘म्हणजे काय?’ बहुतेक उन्हाळ्यांत सोलापूरच्या पेपरांत उजनी धरणाबद्दल येतं, उजनी उणे अमुक टक्के. वाचक चक्रावतो. पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. टक्केवारी मोजतात वरच्या उपयुक्त साठ्याची. तो संपून मृतसाठ्याला हात लागला की उणे. ही तीन वाक्यं चौकटीत टाकली की झालं. पावसाळ्यात तसंच, ‘एक लाख क्युसेकने विसर्ग’, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट पाणी सोडलं. कुणाला काय कळणार? त्या वेगाने पावणेतीन तासांत जवळपास एक टीएमसी पाणी खाली जातं, हे लिहा की. नदीकाठच्या माणसाला गुरं केव्हा सोडायची एवढंच ठरवायचं असतं. पण प्रेसनोटमध्ये क्युसेक असतं, म्हणून आपणही क्युसेक छापतो.

पेपर झाल्यावर भाच्याने सरावाची एक बातमी पाठवली. टेम्पो उलटला, मजूर जखमी. वाक्यं छोटी होती, ‘असून’ एकदाच. मी फक्त विचारलं, "मथळ्यात जखमी अकरा, खाली नावं बारा. कोणतं खरं?"

दहा मिनिटं दोन निळ्या टिका. मग उत्तर आलं: "मामा, एक नाव दोनदा आलंय."