व्हॉल्व्हमध्ये लाल पारा नसतो; शोधायला म्हणून फोडू तर नकाच

‘घरात जुना रेडिओ किंवा त्याचे काचेचे व्हॉल्व्ह असतील तर भंगारात देऊ नका.’ दर थोड्या दिवसांनी नव्याने फिरणाऱ्या त्या मेसेजचं हे पहिलं वाक्य, आणि त्यातलं तेवढंच बरोबर आहे. (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या निर्वात नळ्या.) पुढचा मजकूर थोडक्यात असा: व्हॉल्व्हमध्ये ‘लाल पारा’ असतो, त्याला परदेशात लाखो-कोटींचा भाव आहे, काचेच्या आत चकाकतं ती चांदी, पिना सोन्याच्या, पेटला की व्हॉल्व्ह चांगला, जितका जुना तितका महाग, खोक्यातला असेल तर कोरा करकरीत. शेवटी, फोटो पाठवा, कंपनीचा माणूस घरी येऊन रोख पैसे देईल.

नुसती करमणूक असती तर सोडून दिलं असतं. पण वडील किंवा काका रेडिओचे शौकीन होते, लॅमिंग्टन रोड, चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार पालथा घालून त्यांनी व्हॉल्व्ह जमवले, आणि ते गेल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो खजिना बिस्किटांच्या डब्यांतून माळ्यावर सापडला, अशी घरं आपल्याकडे बरीच आहेत. त्यांच्या हातात हा मेसेज पडला की खरी किंमत असलेल्या वस्तूंचंच नुकसान होतं. म्हणून एकेक दावा घेतो.

‘आत लाल पारा असतो’

नसतो. ‘लाल पारा’ नावाचा अणुबाँबला लागणारा गूढ पदार्थ ही शीतयुद्धाच्या अखेरीपासून चालत आलेली भाकडकथा आहे. असं काही अस्तित्वातच नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने स्वच्छ सांगून झालं आहे. पाऱ्याची लाल संयुगं असतात. हिंगूळ हे त्यातलंच एक, पण त्याला कोणी कोटी मोजत नाही. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा सिंगरच्या जुन्या शिलाई मशीनवर बसली होती आणि लोक त्या मशीनसाठी अवाच्या सवा पैसे मोजायला तयार झाले होते. आपल्याकडे ती रेडिओवर आणि जुन्या टीव्हीवर येऊन बसली. कोटींना विकला जातो म्हणतात तो मांडूळ साप, तांदूळ ओढून घेतं म्हणतात ते ‘राइस पुलर’ भांडं आणि लाल पारा ही एकाच घराण्यातली भावंडं.

या अफवेच्या व्हिडिओंत लाल पाऱ्याचा म्हणून दाखवतात तो थेंब सोन्याकडे धावतो आणि लसणापासून पळतो म्हणे. साधा पाराही सोन्याला चिकटतो, जुन्या पद्धतीने मुलामा चढवणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा. लसणाला घाबरणाऱ्या पाऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही.

लाल रंगाचं खूळ कशामुळे शिरलं असेल याचा माझा एक अंदाज आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप्सने ईसीएच३, ईएफ९, ईबीएल१ अशा व्हॉल्व्हची एक मालिका काढली. त्यांच्या काचेवर बाहेरून धातूचा फवारा मारलेला असे आणि त्यावर लाल रंग. आजूबाजूच्या विद्युत गोंधळापासून आतल्या भागाचं रक्षण व्हावं एवढाच त्या धातूचा उपयोग. खाली पिनांऐवजी कडेने पत्र्याचे संपर्क असतात, त्यावरून ही मालिका चटकन ओळखू येते. लाल रंग खरवडून आत पारा शोधणारा माणूस व्हॉल्व्हचं संरक्षक कवच आणि त्यावरचा नंबर दोन्ही घालवून बसतो.

आता विरोधाभास बघा. खरा, चंदेरी, विषारी पारा असलेले व्हॉल्व्ह खरोखरच असतात. ८६६ए हा ट्रान्समीटरच्या पॉवर सप्लायमधला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), डोक्यावर धातूची टोपी असलेला. हॅम लोकांकडे, म्हणजे हौसेने स्वतःचा ट्रान्समीटर चालवणाऱ्यांकडे, याची जोडी हमखास सापडते. दुसरा ८३, अनेक अमेरिकन व्हॉल्व्ह-टेस्टरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह तपासायच्या यंत्रांत, बसवलेला. चालू असताना हे सुंदर निळे उजळतात. त्यात पारा असतो तो थेंबभर, आणि बाजारात त्या थेंबाची किंमत शून्य. फुटला तर मात्र खोलीत पाऱ्याची वाफ पसरते. तसं झालंच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. थेंब जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. काही वायूभरल्या नळ्यांमध्ये तर अत्यल्प किरणोत्सारी पदार्थही घातलेला असे. ज्यात खरंच काहीतरी आहे, नेमके तेच फोडू नयेत असे.

‘काचेच्या आतली चकाकी म्हणजे चांदी’

ते बेरियम. कारखान्यात व्हॉल्व्ह निर्वात करून बंद केल्यावर आतली एक छोटी कडी तापवून बेरियमचा थर काचेवर उडवत. त्याला गेटर म्हणतात. उरलासुरला वायू तो शोषून घेत राहतो. वजन मिलिग्रॅममध्ये, भंगारमूल्य काहीच नाही. तरी हा डाग फार कामाचा आहे, कारण विकत घेणारा जाणकार पहिल्यांदा तिथेच बघतो. आरशासारखा चंदेरी किंवा कडेने तपकिरी असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा आत गेली, तो व्हॉल्व्ह मेला. पांढऱ्या डागाचे आधी वेगळे काढा, कुठल्याही यंत्राशिवाय खोक्याची पहिली छाननी होऊन जाते.

‘पिना सोन्याच्या असतात’

बहुतेकांच्या नसतात, पण हा दावा अगदी निराधारही नाही. औद्योगिक आणि मोजमापाच्या यंत्रांसाठी काढलेल्या खास दर्जाच्या काही व्हॉल्व्हच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. ई८८सीसी हा त्यातला नावाजलेला, अमेरिकन नंबर ६९२२. सोनं इतकं पातळ की काढायचा खर्च त्याहून जास्त. व्हॉल्व्ह म्हणून मात्र ध्वनीच्या शौकिनांमध्ये याला चांगली मागणी आहे. इथे अक्षरांचा क्रम नीट वाचायला हवा. ईसीसी८८ हा साधा, ई८८सीसी हा खास. आकडे अक्षरांच्या मध्ये आले की दर्जा वरचा. पिना कापून सराफाकडे नेणारा माणूस बंदा रुपया मोडून चार आणे घेऊन येतो.

‘पेटला म्हणजे चांगला’

पेटला म्हणजे त्याची हीटरची, म्हणजे आत तापणारी, तार शाबूत आहे, बस. व्हॉल्व्हचं काम इलेक्ट्रॉन सोडण्याचं, आणि ते सोडणाऱ्या भागावरचा, म्हणजे कॅथोडवरचा, लेप वापराने झिजतो. वर्षानुवर्षं रोज विविध भारती ऐकवलेला ईएल८४ लखलखीत पेटेल आणि आवाज मात्र फाटका देईल. उलट बॅटरी सेटमधले डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६ हे १.४ व्होल्ट आणि अवघ्या २५ मिलिॲम्पिअरवर, तर डीएल९६ ५० मिलिॲम्पिअरवर चालतात. त्यांचा उजेड अंधाऱ्या खोलीतही जेमतेम दिसतो, म्हणून लोक ते मेले समजून टाकतात. काहीजण ‘बघू पेटतो का’ म्हणून त्यांना नऊ व्होल्टची बॅटरी लावतात. मग ते खरोखरच मरतात.

घरी करण्याजोगी तपासणी म्हणजे डिजिटल मल्टिमीटरने हीटर जोडलेला आहे का ते बघणं. व्हॉल्व्ह उलटा धरून, पिनांमधल्या मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजा: ईएल८४ आणि ईसीसी८३ दोन्हींमध्ये ४ आणि ५ नंबरच्या पिना. काही ओहम दाखवलं तर ठीक. खरी परीक्षा टेस्टरवरच होते. जुन्या हॅमकडे किंवा व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे तो असतो.

आणि तपासण्यासाठी म्हणून माळ्यावरचा रेडिओ थेट प्लगमध्ये घालू नका. त्यातले कपॅसिटर वाळलेले असतात. शिवाय ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असलेल्या एसी-डीसी सेटमध्ये लोखंडी चासीलाच, म्हणजे आतल्या सांगाड्यालाच, मेन्सचा करंट येऊ शकतो.

‘जितका जुना तितका महाग’

सगळ्यात जास्त फसवणूक या वाक्याने होते, कारण ते पटतं. भाव वयावर ठरत नाही, आज तो व्हॉल्व्ह कुणाला लागतो यावर ठरतो. रेडिओ दुरुस्त करून ऐकणारे थोडे आहेत. गिटारचे ॲम्प्लिफायर आणि घरगुती ध्वनियंत्रणा वापरणारे जगभर पसरलेले आहेत.

म्हणून आधी नंबर वाचायला शिका. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर हीटर सांगतं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, डी म्हणजे बॅटरीवरचा, यू आणि पी म्हणजे हीटर एकामागोमाग एका माळेत जोडायचे. पुढची अक्षरं काम सांगतात: सी ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा), एफ पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा), एल आउटपुटचा (स्पीकरला आवाज देणारा), झेड रेक्टिफायर, एम म्हणजे स्टेशन लागलं की मिटणारा हिरवा डोळा. अमेरिकन पद्धतीत सुरुवातीचा आकडा साधारण हीटरचा व्होल्टेज. एकाच व्हॉल्व्हला दोन्ही नावं असतात, ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, ईएल८४ म्हणजेच ६बीक्यू५, हे माहीत नसल्यामुळे यादीत एकच माल दोनदा वेगळा लिहिला जातो.

मर्फी, बुश, फिलिप्सच्या एसी रेडिओंतून निघणारा नेहमीचा संच म्हणजे ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, ईएल८४, ईझेड८० किंवा ८१. यातले बरेच बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे आपल्या ‘बेल’चे असतात. १९५४ साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. पहिले तीन तुम्हाला श्रीमंत करणार नाहीत. शंभराच्या काही नोटा, तेही घेणारा भेटला तर. ईएल८४ वेगळा. व्हॉक्स एसी३० या प्रसिद्ध गिटार ॲम्प्लिफायरमध्ये असे चार बसतात, त्यामुळे आजोबांच्या नाट्यसंगीताच्या रेडिओतला हा व्हॉल्व्ह रॉक वाजवणाऱ्याला हवा असतो. हिरवा डोळाही न वापरलेला असेल तर रेडिओ दुरुस्त करणारे चांगले पैसे देतात, कारण त्याचा प्रकाश वापराने विझत जातो आणि भरपूर उजेड असलेला मिळत नाही.

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या टीव्ही संचांतले पीसीएफ८०, पीएल३६, पीवाय८८ पोत्यांनी पडलेत. हॅमचा लाडका ८०७ सुद्धा तसाच: भारदस्त दिसतो, डोक्यावर टोपी आहे, पण दुसऱ्या महायुद्धासाठी तो इतका बनला की सरप्लस मालात स्वस्तात मिळायचा, आणि आजही त्याला फारसा भाव नाही.

मोठे पैसे कशाला, तर वेस्टर्न इलेक्ट्रिक ३००बी (बोलपटांच्या थिएटरांतल्या ॲम्प्लिफायरमधून आलेला), पीएक्स४, पीएक्स२५, २ए३, ४५, जीईसीचे केटी६६ आणि केटी८८, मलार्डचे (फिलिप्सची ब्रिटिश कंपनी) ईएल३४ आणि जीझेड३४, टेलिफुंकनचा ईसीसी८३. एखाद्या जुन्या प्रोजेक्शनिस्टच्या किंवा लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याच्या घरी यातलं काही निघू शकतं. साध्या रेडिओच्या हौशी माणसाच्या डब्यात मुठीभर निघाले तरी नशीब. ईसीसी८३ आणि ईएल३४ आजही स्लोव्हाकियात आणि रशियात नवे बनतात, त्यामुळे नुसत्या नंबरला भाव नाही. कुणी बनवला आणि किती वापरला, यावर आकडा दहापट हलतो.

बनवणाऱ्याचं नावही डोळे झाकून मानू नका. नवा स्वस्त व्हॉल्व्ह घेऊन त्यावर ‘मलार्ड’ छापण्याचा धंदा जुना आहे. खूण काचेत असते: खऱ्या मलार्ड-फिलिप्सच्या तळाजवळ बारीक करड्या अक्षरांचा संकेत असतो. दुसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर कारखान्याचं, ‘बी’ म्हणजे ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे हॉलंडमधलं हेर्लेन. टेलिफुंकनच्या काही व्हॉल्व्हच्या तळाला पिनांच्या मधोमध पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार उमटलेला असतो. आणि हे सगळं टिकवायचं तर ओल्या फडक्याने व्हॉल्व्ह चकचकीत करण्याचा मोह आवरा. मलार्डची छपाई नुसत्या अंगठ्याने पुसली जाते. नंबर दिसत नसेल तर काचेवर हलकी फुंकर घाला, दमट वाफेत पुसट अक्षरं कित्येकदा दिसतात.

‘खोक्यात आहे म्हणजे कोरा’

दुरुस्तीवाले नव्या व्हॉल्व्हच्या खोक्यात काढलेला जुना घालून ग्राहकाला परत देत. हॅमही तेच करत. पुढेमागे लागेल म्हणून. पिनांवर सॉकेटचे ओरखडे असतील, काच आतून काळपट असेल, तर खोका कितीही सुंदर असो, माल वापरलेला आहे. खोक्यावर पेनाने लिहिलेली तारीख किंवा टेस्टरचं रीडिंग मिळालं तर मात्र ते जपून ठेवा. त्या माणसाला त्यातलं कळत होतं.

‘फोटो पाठवा, कंपनीचा माणूस येईल’

येत नाही. आधी ‘तपासणी शुल्क’ मागतात आणि मग फोन बंद. खरे घेणारे म्हणजे हॅम मंडळी, ॲम्प्लिफायर बनवणारे आणि रेडिओ दुरुस्त करणारे. ते आगाऊ काही मागत नाहीत, उलट कंटाळा येईस्तोवर प्रश्न विचारतात. त्यांना पाठवायचे फोटो असे: नंबर वाचता येईल असा एक, तळाच्या संकेताचा एक, गेटरचा एक, पिनांचा एक. सोबत यादी: नंबर, नाव, संख्या, हीटर जोडलेला आहे की नाही. भारी वाटतात ते आठ-दहा आधी टेस्टरवर घालून घ्या आणि बाकीचे एकगठ्ठा द्या. सगळा डबा एका किमतीत मागणारा पहिला गिऱ्हाईक बहुतेक वेळा त्या आठ-दहांसाठीच आलेला असतो.