मुलीचा हिस्सा, नॉमिनीची मालकी आणि एका फिरत्या संदेशातले चार ‘निकाल’

‘मुंबई उच्च न्यायालयाचे महत्त्वाचे निकाल, जपून ठेवा व पुढे पाठवा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या कौटुंबिक गटांत आणि सोसायट्यांच्या गटांत फिरतो आहे. त्यात चार विधाने आहेत: विवाहित मुलीला वडिलांच्या मालमत्तेत हक्क उरला नाही, नॉमिनी हाच मालक, कपड्यांवरून केलेला स्पर्श हा गुन्हा नाही, आणि मुंबई लोकलमधील 7/11 बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही आरोपींची सुटका रद्द होऊन ते पुन्हा तुरुंगात गेले. चारही विधानांच्या मुळाशी खरेखुरे न्यायनिर्णय आहेत, म्हणूनच हा संदेश निव्वळ थापेपेक्षा अधिक घातक आहे.

पहिल्या विधानापाशी जरा थांबायला हवे, कारण हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेताना अशीच वाक्ये पुढे केली जातात. नोव्हेंबर 2024 मध्ये न्या. अतुल चांदूरकर व न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने दिलेल्या निर्णयावरून हे विधान उचललेले आहे. त्या प्रकरणातील वडील 1952 साली, म्हणजे हिंदू वारसा अधिनियम 17 जून 1956 रोजी लागू होण्याच्या चार वर्षे आधी वारले होते. मागे त्यांची दुसरी पत्नी आणि दोन्ही पत्नींपासून झालेल्या मुली होत्या. तेव्हा लागू असलेल्या 1937 च्या कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क दिला होता, मुलीला मात्र तिच्या बरोबरीने काही दिले नव्हते. 1956 च्या कायद्याने विधवेच्या त्या मर्यादित हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर झाले आणि पुढे तिने मृत्युपत्राने ती मालमत्ता स्वतःच्या मुलीला दिली. सावत्र मुलीच्या बाजूने अर्धा वाटा मागितला गेला, तेव्हा खंडपीठापुढे एवढाच प्रश्न होता की, 1956 पूर्वी विधवा आणि मुलगी मागे ठेवून वारलेल्या हिंदू पुरुषाच्या मालमत्तेत मुलीला वारसाहक्क मिळतो काय. वारसा मृत्यूच्या दिवशीच उघडतो आणि त्या दिवशीचा कायदा लागू होतो, या जुन्या तत्त्वानुसार खंडपीठाने नकारार्थी उत्तर दिले. दावा करणारी मुलगी अविवाहित असती तरी उत्तर बदलले नसते. संदेशातील ‘विवाहित’ हा शब्द कोणीतरी पदरचा घातलेला आहे.

ज्यांचे वडील मृत्युपत्र न करता 17 जून 1956 नंतर वारले, त्या मुली वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेत पहिल्या वर्गाच्या वारस आहेत आणि त्यांचा वाटा भावाइतकाच आहे; हे सुमारे सत्तर वर्षांपासून असेच आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा मार्ग निराळा होता. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलासारखीच जन्माने वाटेकरी मानले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. केंद्राच्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीत ही विवाहाची अट राहिली नाही, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र आता उकरून काढता येत नाही. वडिलांना स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र करून मुलीला वगळता येते, हेही खरे आहे. परंतु तसे ते मुलालाही वगळू शकतात, याचा उल्लेख असल्या संदेशांत सहसा सापडत नाही.

नॉमिनीबाबतचे विधान एके काळी अंशतः खरे होते. 2010 साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी शेअर्सपुरते असे म्हटले होते की, भागधारकाच्या मृत्यूनंतर नॉमिनीच मालक होतो. 2016 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो दृष्टिकोन चुकीचा ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी खंडपीठाचा निर्णय कायम केला. नॉमिनीकडे शेअर्स येतात ते व्यवहार अडू नयेत म्हणून. मालकी कोणाची हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. गृहनिर्माण संस्थांबाबत तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातच 2019 पासून तरतूद आहे की, नॉमिनी केवळ तात्पुरता सभासद होतो. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क मिळतो, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

तिसरे विधान उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या 19 जानेवारी 2021 च्या निकालावर बेतलेले आहे. त्वचेचा त्वचेशी संपर्क नसल्याने ‘पोक्सो’खालील, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालील, लैंगिक हल्ला होत नाही, असे त्यात म्हटले होते. तरीही आरोपी मोकळा सुटला नव्हता. त्याला भारतीय दंड संहितेच्या कलम 354 (विनयभंग) खाली एक वर्षाची शिक्षा झाली होती. म्हणजे ‘हा गुन्हा नाही’ असे त्या निकालानेही कधी म्हटले नाही. शिवाय आठ दिवसांतच त्या निकालाला स्थगिती मिळाली आणि 18 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून, निर्णायक बाब त्वचेचा स्पर्श नसून लैंगिक हेतू आहे, असे स्पष्ट केले व ‘पोक्सो’खालील तीन वर्षांची सक्तमजुरी कायम केली. रद्द झालेल्या निकालाला ‘नवा’ म्हणून फिरवणे हे अज्ञान असेल किंवा आणखी काही. परिणाम मात्र मुलांच्या पालकांनाच भोगावा लागतो.

शेवटच्या विधानात चूक उलट्या दिशेने झाली आहे. 11 जुलै 2006 च्या लोकलमधील स्फोटांप्रकरणी विशेष न्यायालयाने 2015 मध्ये पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली होती. उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी बाराही जणांना निर्दोष ठरवले. 24 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने स्थगितीचा आदेश दिला, त्याचा अर्थ इतकाच होता की, या निकालाचा आधार इतर खटल्यांत पूर्वनिर्णय म्हणून घेता येणार नाही. ‘मकोका’ या महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालील अन्य खटल्यांवर त्याचा परिणाम होईल, अशी राज्याची चिंता होती. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवावे, अशी मागणी राज्यानेही त्या वेळी केली नव्हती आणि न्यायालयानेही तसा आदेश दिला नाही. ‘बाराही पुन्हा तुरुंगात’ हे तर कोणत्याही आदेशाने शक्यच नव्हते, कारण त्या बारांपैकी एक जण 2021 साली शिक्षा भोगत असतानाच वारला होता आणि उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले ते त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.