आठ सप्टेंबर आणि दहा डिसेंबर

आमच्या मागच्या अंगणात सफरचंदाचं एक झाड आहे. २०२० साली ८ सप्टेंबरला त्याच्यावर बर्फ पडला तेव्हा ते पानांनी गच्च भरलेलं होतं, फळं अजून उतरवायची होती. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची एक फांदी बुंध्यापासून फाटली. काडकन आवाज झाला, मग पानांची सळसळ, आणि पुन्हा सगळं शांत.

मी अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या उत्तरेला राहते. मूळची निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. त्यामुळे झाड मोडलं की मला आधी बाबांचा चेहरा आठवतो.

त्या आठवड्याचं सांगते. शनिवारी, ५ सप्टेंबरला, डेन्व्हरचं तापमान ३८ अंशांवर गेलं. नोंदी ठेवायला लागल्यापासून सप्टेंबरमध्ये इतका उकाडा तिथे कधीच झाला नव्हता. सोमवारी, लेबर डेच्या सुट्टीला, ३४. वरच्या डोंगरात १३ ऑगस्टला लागलेला कॅमेरॉन पीकचा वणवा वाऱ्याने असा उसळला की दोन-तीन दिवसांत एक लाख एकरांच्या घरात गेला. आकाश तांबूस, भर दुपारी घरात दिवे लावलेले, गाडीच्या काचेवर राखेचा थर. आणि त्याच संध्याकाळी आम्ही कढीपत्त्याची कुंडी घरात ओढत होतो, टोमॅटोवर जुन्या चादरी टाकून कडांना विटा ठेवत होतो, कारण रात्री गोठणार असं हवामान खातं सांगत होतं. हातावर राख, घामाने भिजलेला कुडता, आणि तयारी बर्फाची. मंगळवारी सकाळी पारा शून्याच्या आसपास होता.

इकडच्या ओळखीच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. ‘काल पंखा, आज हीटर!’ पहिल्या बर्फाचा आनंद मलाही कळतो, मुलांना तर होणारच. पण असल्या दिवसाकडे आपण नुसती गंमत म्हणून बघतो हे मला मनापासून चुकीचं वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

नुकसान थंडीने होत नाही, पाऱ्याच्या उडीने होतं. हेच सफरचंदाचं झाड जानेवारीत उणे वीस सहज सोसतं. त्यासाठी त्याला काही आठवडे लागतात. दिवस लहान होऊ लागले की झाड पानांतलं सत्त्व परत ओढून घेतं, देठाशी बुचासारखा एक थर धरतं, पान सोडून देतं आणि आतून हळूहळू काटक होत जातं. सगळी आवराआवर झाल्यावर मग ते थंडीला सामोरं जातं. सप्टेंबरच्या आठ तारखेला त्याने यातलं काहीच सुरू केलेलं नसतं. उघड्या फांदीवरून बर्फ घसरतो, पानांनी भरलेली फांदी तो तोलून धरते, आणि हा बर्फ ओला, जड असतो. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये तर इथे १० तारखेला १७-१८ अंश होते आणि दोन-तीन दिवसांत पारा उणे २५ला पोचला. फांद्या तुटल्या नाहीत, तरी पुढच्या वसंतात गल्लोगल्ली चेरीची आणि एल्मची झाडं पालवलीच नाहीत.

२०२०च्या त्याच सप्टेंबरात शेजारच्या न्यू मेक्सिकोत स्थलांतर करणारे पक्षी हजारोंनी मेले. पाकोळ्या, वटवटे, असले इवलेसे जीव. तपासात ते अगदी हडकलेले, उपाशी निघाले. अंगावर चरबीच नव्हती, त्यात अचानक गारठा आला आणि खायला किडे मिळेनात. त्यांची वाट ठरलेली, वेळ ठरलेली, आणि वाटेतलं अन्न एका रात्रीत नाहीसं. रस्त्याकडेला ओळीने पडलेल्या पाकोळ्यांचे फोटो मी पाहिले. ते दिवस पितृपंधरवड्याचे होते. बर्फ पडला त्या दिवशी कावळ्यासाठी बाहेर ठेवलेल्या पानावरचा भात तसाच गोठलेला होता. त्या फोटोंकडे मी फार वेळ बघू शकले नाही.

‘बर्फ पडतोय आणि म्हणे पृथ्वी तापतेय’, हे वाक्य मला त्या दिवशी तीन जणांनी पाठवलं. तिघंही शिकलेले. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. सप्टेंबरातला बर्फ इथे नवा नाही. १९६१ साली डेन्व्हरला ३ सप्टेंबरलाच पडला होता. उत्तर ध्रुवाकडची हवा आणि हे मैदान यांच्यामध्ये आडवा डोंगर नाही. आपल्याला हिमालय पाठीशी आहे, इथे दार उघडं आहे. त्यामुळे त्या एका बर्फाचं खापर मी हवामानबदलावर फोडणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण तो बर्फ तापमानवाढ खोटी असल्याचा पुरावाही नाही. त्याच आठवड्यात पश्चिम प्रशांत महासागरात मायसाक आणि हायशेन ही चक्रीवादळं उत्तरेकडे वळली, हवेच्या वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्याला, म्हणजे जेट प्रवाहाला, मोठी लाट आली, आणि तिचा खोलगट भाग आमच्या डोक्यावर उतरला. त्याच लाटेच्या काठावर ओरेगनमध्ये उलटा, कोरडा, पूर्वेचा वारा सुटला आणि तिथली गावंच्या गावं जळाली. आमच्याकडे बर्फ, तिकडे आग, कारण एकच. एका अंगणात उभं राहून पृथ्वीबद्दल निकाल देता येत नाही.

आणि आमच्या त्या वणव्याचं काय झालं? लोक म्हणाले, देवानेच बर्फ पाठवला. काही दिवस आग दबली हे खरं, विझवणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला, त्याबद्दल मीही हात जोडले. पण बर्फ वितळला, ऊन पडलं, ऑक्टोबरात पुन्हा वारा सुटला आणि तोच वणवा कोलोरॅडोच्या इतिहासातला सगळ्यात मोठा ठरला, दोन लाख एकरांवर. तो पूर्ण आटोक्यात यायला २ डिसेंबर उजाडला.

डेन्व्हरचा पहिला बर्फ सरासरीने ऑक्टोबरच्या मध्यावर पडतो, साधारण १८ तारखेला. २०२०मध्ये तो ८ सप्टेंबरला पडला. पुढच्याच वर्षी, २०२१मध्ये, १० डिसेंबरला, म्हणजे नोंदींतला सगळ्यात उशिराचा. दोन लागोपाठच्या वर्षांत तीन महिन्यांचं अंतर! दोन्ही तारखांची सरासरी काढली तर ती ऑक्टोबरच्या शेवटी येते, अगदी ठीकठाक वाटावी अशी. चौतीस आणि शून्य यांची सरासरीही सतरा येते, म्हणजे सुखाचा दिवस. तसा दिवस त्या आठवड्यात आम्हाला कुणालाच मिळाला नाही. सरासरीने झाड जगत नाही, पाकोळी जगत नाही, शेतकरी तर नाहीच.

त्या उशिराच्या बर्फाची किंमत काय होती तेही सांगते. २०२१चा सगळा शरद कोरडा गेला. गवत वाळून काडी झालेलं. ३० डिसेंबरला, भर हिवाळ्यात, ताशी १६० किलोमीटरचे झोत सुटले आणि सुपीरियर आणि लुइसव्हिल या गावांत एका दिवसात हजाराहून जास्त घरं जळाली. त्या वणव्याचं नाव मार्शल फायर. आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब पासपोर्ट, मुलीचा तंबोरा आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण एवढंच घेऊन निघालं. दुसऱ्या दिवशी, ३१ डिसेंबरला, बर्फ पडायला लागला. राखेवर. ती मैत्रीण आमच्या दिवाणखान्यात खिडकीशी बसून बघत होती आणि एवढंच म्हणाली, “काल यायचा होता गं.” मला त्यावर काही बोलता आलं नाही.

२०२०च्या त्या मंगळवारी बाबांना फोन केला होता. त्यांनी आधी झाडाचं विचारलं, मग माझं. फांदी कशी फाटली, साल सुटली का, हे सगळं विचारून घेतलं. निफाडला कडाका पडला की आमच्याकडे रात्री बागेत शेकोट्या पेटतात, धूर करतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. मण्यांची फुगवण थांबते आणि उतरायला आलेल्या मालाला तडे जातात. इकडे कोलोरॅडोतल्याच पॅलिसेडचे पीचवाले बागेत उंच पंखे फिरवून वरची ऊबदार हवा खाली ओढतात. २०२०च्या एप्रिलमध्ये ऐन बहरात बाग गोठली तेव्हा तेही कामी आले नाहीत, वर्षाचं बहुतेक पीक गेलं. दोन्हीकडचा माणूस रात्रभर तापमापकाकडे बघत बसतो. त्याला उद्याचा आकडा आजच्या आकड्यापासून किती लांब आहे हे कळायला हवं असतं, आणि ते दोन दिवस आधी कळलं तर काही करता येतं. म्हणून इशारा देणाऱ्यांनी किमान तापमानाच्या शेजारी चोवीस तासांतली घसरणही मोठ्या अक्षरांत लिहावी, पीक विम्याच्या निकषांतही ती असावी. इकडेही, निफाडलाही.

त्या फोनवर बाबा म्हणाले होते, “यंदा अधिक आहे बघ.” १८ सप्टेंबरला अधिक आश्विन लागणार होता. चंद्राचे महिने आणि सूर्याचे ऋतू एकमेकांपासून निसटू नयेत म्हणून पंचांगाने दर तीनेक वर्षांनी महिनाच जास्तीचा धरला, पण महिन्याला ऋतूचा हात सोडू दिला नाही. हे लहानपणी त्यांनीच समजावलं होतं. आता ते द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी एका तारखेला धरत नाहीत. थोडी बाग सप्टेंबरात, थोडी ऑक्टोबरात, थोडी त्याहून उशिरा. एक तुकडा गेला तर दुसरा हाताशी राहावा म्हणून.

आमच्या झाडाची ती जखम भरत आलीय, कडेने साल वळून आत आलीय. त्या वर्षी पानं गळलीच नाहीत. सोडायला वेळच मिळाला नव्हता त्याला. हिरवी होती तशीच तपकिरी झाली आणि फेब्रुवारीपर्यंत फांद्यांना धरून वाऱ्यात खडखडत राहिली. चादरी आता आम्ही ऑगस्टमध्येच काढून गॅरेजच्या दाराशी ठेवतो.