मॅकॉय स्टेडियम राजकारण्यांनी घालवलं, हे खरं नाही

ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराच्या मालकीचं मॅकॉय स्टेडियम २०२५ मध्ये पाडायला घेतलं. तेव्हापासून एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जातोय. त्याचं सार असं: थोडे पैसे टाकून मॅकॉय दुरुस्त करता आलं असतं. नेत्यांनी चिकूपणा केला म्हणून पॉसॉक्स हा बेसबॉल संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला निघून गेला. वूस्टरने हुशारी दाखवली, तिथलं नवं स्टेडियम आपला खर्च आपणच भागवतंय. आणि इतिहास घडलेल्या जागेवर शाळा बांधणं हा करंटेपणा आहे.

मॅकॉयवर जीव असणाऱ्या माणसांना हे पटकन पटतं. माझाही होता. पॉसॉक्स हा बॉस्टनच्या रेड सॉक्स या बड्या संघाचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या एकच पायरी खाली. आज इथे खेळणारा मुलगा पुढच्या आठवड्यात रेड सॉक्सच्या फेनवे पार्क मैदानावर दिसायचा. मॅकॉयमध्ये प्रेक्षक उंचावर बसत आणि खेळाडूंचे डगआउट, म्हणजे त्यांच्या बसायच्या जागा, प्रेक्षकांच्या पायाखाली, मैदानाच्या पातळीवर असत. त्यामुळे सही मागायला कुणी जवळ जाऊ शकत नसे. मुलांनी त्यावर तोड काढली. दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापायचा, त्यात चेंडू आणि पेन ठेवायचं आणि दोरीने खाली सोडायचं. खेळाडूने सही केली की कॅन वर ओढून घ्यायचा. पिढ्यान् पिढ्या पोरांनी हे केलं. अशी जागा गेली याचं दुःख खरंच आहे, पण त्यासाठी चुकीच्या माणसांना धारेवर धरू नये.

‘थोडक्यात दुरुस्ती झाली असती’ हे पहिलं म्हणणं. मॅकॉय १९४२ साली दलदलीच्या जागेवर उभं राहिलं. महापौर थॉमस मॅकॉय यांच्या हट्टापायी खर्च इतका फुगला की लोक त्याला ‘मॅकॉयचा मूर्खपणा’ म्हणत. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याची मोठी डागडुजी झाली, आणि तरीही २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तज्ज्ञांच्या अहवालाने दुरुस्तीचा आकडा ६ कोटी ८० लाख डॉलर सांगितला. त्याच जागी नवं बांधायचं तर ७ कोटी ८० लाख. याला थोडे पैसे म्हणत नाहीत. शिवाय गर्दी ओसरत चालली होती. २००५ च्या हंगामात पावणेसात लाखांहून जास्त लोक आले होते, २०१९ मध्ये त्याच्या निम्मेच. आणि २०२१ पासून मेजर लीगने, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगने, कनिष्ठ संघांचा कारभार आपल्या हाती घेतला, १६० संघांचे १२० केले आणि स्टेडियमांसाठी कडक निकष घातले. ते पाळायचा खर्च बहुतेक ठिकाणी मालक शहराच्याच गळ्यात पडतो.

नेत्यांच्या चिकूपणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच घटनाक्रम उलटा सांगितला जातो. २०१५ च्या सुरुवातीला संघ नव्या मालकांनी विकत घेतला आणि लगेच पॉटकेट सोडून राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्सला जायचं ठरवलं. त्यासाठी राज्याने ३० वर्षांत १२ कोटी डॉलर द्यावेत अशी मागणी होती. लोक खवळले, ती योजना बारगळली. मग पॉटकेटमध्येच स्लेटर मिल या जुन्या गिरणीजवळ ८ कोटी ३० लाख डॉलरचं स्टेडियम ठरलं. त्यात संघ साडेचार कोटी, राज्य २ कोटी ३० लाख आणि शहर दीड कोटी देणार होतं. राज्याच्या सिनेटने ते मंजूर केलं. जून २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यात एक बदल केला: उत्पन्न कमी पडलं तर कर्जाची जोखीम राज्याच्या करदात्यांवर नको, कर्जरोखे घेणाऱ्यांवर असावी. या बदलासह कायदा झाला. म्हणजे पैसे नाकारले गेले नाहीत, जोखीम कुणाची एवढाच प्रश्न होता. त्यावर संघाने ऑगस्टमध्ये वूस्टरची घोषणा केली. जोखमीचा हिशेब मागणारा प्रतिनिधी चिकू ठरत असेल, तर करदात्यांच्या बाजूने बोलायचं कुणी?

आता वूस्टर. तिथलं नवं स्टेडियम, पोलर पार्क, मे २०२१ मध्ये सुरू झालं, लोक आले, भोवतालच्या कनाल डिस्ट्रिक्ट भागात वर्दळ वाढली, हे मान्य. पण घोषणेच्या वेळी साधारण १० कोटींची असलेली गोष्ट जवळजवळ १६ कोटी डॉलरवर गेली. आणि ‘स्वतःचा खर्च स्वतः भागवतं’ म्हणजे काय, ते नीट बघा. स्टेडियमभोवती एक हद्द आखली. तिथे नव्या इमारती येतील, त्यांचा मालमत्ता कर शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता स्टेडियमच्या कर्जाला जाईल, अशी ती योजना. इमारती ठरल्या वेळेत उभ्या राहिल्या नाहीत, तेव्हा हद्द वाढवून आणखी इमारतींचा कर त्यात ओढला. त्या इमारतींतल्या मुलांनाही शाळा लागते, आग लागली तर बंबही लागतो. तो खर्च उरलेल्या शहराने करायचा. तिकिटाच्या खिडकीवरून कर्ज फिटतंय असं वाटावं, अशी ही मांडणी आहे, आणि ती दिशाभूल करणारी आहे. वूस्टरच्याच होली क्रॉस कॉलेजातले अर्थशास्त्रज्ञ व्हिक्टर मॅथेसन स्टेडियमांबद्दल वर्षानुवर्षं सांगत आलेत की सामन्याला खर्च केलेला पैसा बहुधा त्याच गावातल्या सिनेमा-हॉटेलातून वळलेला असतो. वर्षाचे ३६५ दिवस, त्यात घरच्या मैदानावरचे सामने साधारण ७५.

याहून मला खटकते ती पुढची गोष्ट. स्टेडियम शहराने बांधलं, आणि २०२३ च्या अखेरीस संघ डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज या कंपनीला विकला गेला. देशभर डझनावारी कनिष्ठ संघ तिच्याकडे आहेत. विक्रीचा पैसा संघाच्या मालकांना मिळाला, कर्ज मात्र शहराकडे राहिलं. संघ उचलून नेता येतो, विकता येतो. शहराला काँक्रीट उचलून कुठे नेता येत नाही. पॉटकेटची अडचण नेमकी हीच होती.

राहिला इतिहास. १८ एप्रिल १९८१ ला, ईस्टरच्या आदल्या रात्री, पॉसॉक्स आणि रॉचेस्टर रेड विंग्ज यांचा सामना सुरू झाला आणि संपेचना. गारठा इतका की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पेटवून हात शेकले. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ डाव (एरवी सामना ९ डावांचा) झाल्यावर खेळ थांबवला, तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते. उरलेला सामना २३ जूनला झाला आणि १८ मिनिटांत संपला. ३३ डावांचा हा व्यावसायिक बेसबॉलमधला सगळ्यात लांब सामना, आणि वेड बॉग्ज व कॅल रिपकेन ज्युनियर हे दोन भावी महान खेळाडू त्यात आमनेसामने होते. हे सगळं नोंदलेलं आहे, स्टेडियम पाडल्याने पुसलं जाणार नाही. २०२० नंतर मॅकॉय ओसच पडलं होतं, तिथे व्यावसायिक सामना झाला नाही. त्याच शहरात टॉलमन आणि शे या दोन हायस्कुलांची मुलं जुन्या इमारतींत शिकत होती. २०२२ मध्ये पॉटकेटच्या मतदारांनी ३३ कोटी डॉलरचं कर्ज मतदानाने मंजूर केलं, दोन्ही शाळांची एक नवी शाळा मॅकॉयच्या जागी बांधण्यासाठी. जागा शहराची, कर्ज शहराचं, कौलही शहराचाच. यात करंटेपणा कुठे आहे?

राग यावा अशी गोष्ट पॉटकेटमध्ये आहे, फक्त ती मॅकॉयच्या जागी नाही. २०२५ मध्येच नदीकाठी नवं फुटबॉल स्टेडियम सुरू झालं. त्यासाठी राज्याने २ कोटी ७० लाख डॉलर उभे केले, आणि ३० वर्षांत त्याची परतफेड व्याजासह १३ कोटी २० लाखांवर जाणार आहे. बेसबॉलच्या वेळी जोखमीबद्दल जो प्रश्न विचारला गेला, तो इथे तितक्या जोराने विचारला गेला नाही. मॅकॉयसाठी हळहळणाऱ्यांनी आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला याच आकड्याबद्दल पत्र लिहावं.