फिकट म्हणजे नक्की किती?

घराला रंग काढायचा म्हटलं की "गडद नको, काहीतरी फिकट बघू" यावर घरात लगेच एकमत होतं. भांडणं त्यानंतरची. माझ्या मते फिकट म्हणजे पांढऱ्याला रंगाचा नुसता वास लागलेला. बायकोच्या मते फिकट असला तरी रंग दिसला पाहिजे. रंगाऱ्याच्या मते जगात फिकट रंग एकच, क्रीम.

शेडकार्डाची पहिली दोन पानं मला कोरीच वाटली. चौकोनांखाली नावं होती म्हणून कळलं, हे रंग आहेत.

"हा पिवळसर छान आहे," बायको म्हणाली.

"पिवळट आहे तो."

हे '-सर' आणि '-ट' प्रत्यय मुळातच पक्षपाती. आवडला तर हिरवसर, नावडला तर हिरवट. चौकोन तोच, तो कोणी सुचवला यावर शेपूट ठरतं. खुद्द फिकटच्याच मागे 'ट' लागलाय, मग त्याची बाजू घेणार कोण?

शेवटी भिंतीवर नमुन्याचे चार पट्टे मारून घेतले. दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये रंगाचे थेंब सोडतं, तेवढ्यावर एवढा गोंधळ! सकाळच्या उन्हात गुलाबीसर वाटलेला पट्टा ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या ट्यूबखाली आजारी दिसायला लागला आणि २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली थेट बदामी झाला. त्यात रंगाऱ्याने आणखी भर घातली : "साहेब, कार्डावर दिसतो त्यापेक्षा खोलीत गडदच वाटणार." बरोबरच आहे त्याचं. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि प्रत्येक फेरीत रंग थोडा चढतो. म्हणून आम्ही आणखी एक पायरी फिकट गेलो, मग धास्तीने अजून एक.

यात 'फिका' वेगळाच, हेही तेव्हाच नीट समजलं. भिंत फिकट असते, चेहरा फिका पडतो. रंगाऱ्याने मजुरीचा आकडा सांगितला तेव्हा माझा त्याच्याही पुढे जाऊन पांढराफटक पडला. ही छटा मात्र कार्डात कुठेच नव्हती.

दोन हात झाले, वास गेला, फर्निचर जागेवर आलं. सासूबाई बघायला आल्या. चारही भिंतींवरून त्यांची नजर फिरली. एका भिंतीवरून त्यांनी बोटही फिरवलं.

"प्रायमर अगदी छान बसलाय हो. आता रंग कोणता देताय?"